संहारचित्रण : गोया, माने व पिकासो

संहारचित्रण : युद्ध, बंड किंवा राजकीय सूड यांतून घडलेल्या मानवी हत्येचे चित्रकलेतील दर्शन. पाश्चात्त्य चित्रकलेत हा विषय जुना असला, तरी त्याला आधुनिक वळण देणाऱ्या कृतींमध्ये तीन चित्रांचा निर्देश प्रामुख्याने करावा लागतो : फ्रान्सीस्को गोया (१७४६–१८२८) याचे ‘एल त्रेस दे मायो’ (१८१४, म. शी. ‘तीन मे १८०८’), एद्वार माने (१८३२–८३) याचे ‘सम्राट माक्सीमीलिआनचा वध’ (१८६७–६९) व पाब्लो पिकासो (१८८१–१९७३) याचे ‘गेर्निका’ (१९३७). मानेने आपल्या चित्राची रचना गोयाच्या चित्रावरून घेतली, हे दोन्ही चित्रे शेजारी ठेवताच ध्यानात येते. पिकासोच्या चित्रातही गोयाच्या आकृतींचे पडसाद आहेत. असा परस्परसंबंध असूनही या तिन्ही चित्रांनी मारणारा, मरणारा आणि पाहणारा यांची मांडणी अगदी वेगवेगळ्या प्रकारे केली आहे. तिघांपैकी एकाही चित्रकाराने आपण रंगविलेली घटना प्रत्यक्ष पाहिल्याचे सिद्ध झालेले नाही. न पाहिलेल्या हत्येची साक्ष चित्रकाराने कोणत्या अधिकाराने द्यावी आणि ती कशामुळे विश्वसनीय ठरावी, हा प्रश्न या तुलनेच्या मुळाशी आहे.

पूर्वपरंपरा : अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत युद्धविषयक मोठी चित्रे बहुधा विजेत्याच्या किंवा राजसत्तेच्या आश्रयाने निर्माण होत. दिएगो व्हेलाथ्केथच्या ‘ब्रेडाची शरणागती’ (१६३४–३५) या चित्रात विजयी स्पॅनिश सेनापती पराभूत डच सेनापतीच्या खांद्यावर हात ठेवून त्याचे सौजन्याने स्वागत करतो. युद्धातील क्रौर्याचा मागमूस तेथे केवळ दूरवरच्या धुरात उरला आहे. फ्रेंच चित्रकार आंत्वान झां ग्रो याच्या ‘आयलाउच्या रणभूमीवर नेपोलियन’ (१८०८) या भव्य चित्रात मात्र बर्फात थिजलेली प्रेते अगदी पुरोभागी येतात. तथापि त्या प्रेतांचे चित्रातील प्रयोजन सम्राटाची करुणा प्रकट करणे हेच आहे. मृतांवर दृष्टी टाकणारा नेपोलियन हाच रचनेचा केंद्रबिंदू आहे. याहून निराळी वाट सतराव्या शतकात झाक कालो याने चोखाळली होती. त्याच्या ‘युद्धाच्या आपदा’ (१६३३) या अठरा अम्लरेखनांच्या संचात लूटमार, फाशी व गोळ्या घालून दिलेला देहदंड यांची चित्रे आहेत. मात्र ती आकाराने लहान असून आकृती दूरवर, एखाद्या रंगमंचावर हालचाल कराव्यात तशा दिसतात. वधाचा प्रसंग मोठ्या तैलचित्राचा प्रधान विषय करणे आणि त्यात कोणत्याही नायकाला, सेनापतीला वा विजेत्याला स्थान न देणे, हे गोयापासून सुरू झाले.

गोया : नेपोलियनच्या सैन्याने स्पेनमध्ये शिरकाव केल्यानंतर २ मे १८०८ रोजी माद्रिदच्या नागरिकांनी उठाव केला. फ्रेंच सेनापती म्यूरा याने तो चिरडला आणि त्याच रात्री व दुसऱ्या दिवशी पहाटे पकडलेल्या लोकांना शहरात व शहराबाहेर प्रीन्सिपे पीओसारख्या ठिकाणी गोळ्या घालण्यात आल्या. गोया त्या वेळी माद्रिदमध्ये होता; तथापि त्याने हे हत्याकांड पाहिल्याचा विश्वसनीय पुरावा उपलब्ध नाही. तो दुर्बिणीतून पाहत होता व नंतर कंदील घेऊन प्रेतांची रेखाटने करण्यास गेला, ही त्याच्या नोकराच्या नावावर पुढे सांगितली गेलेली कथा अभ्यासक ग्राह्य मानत नाहीत. चित्रे रंगविली गेली ती सहा वर्षांनंतर. फेब्रुवारी १८१४ मध्ये, फ्रेंच सत्ता संपुष्टात येत असताना, गोयाने रीजन्सी मंडळाकडे अर्ज करून या उठावातील शौर्यप्रसंग रंगविण्याची इच्छा प्रकट केली व साहाय्य मागितले. त्यातून ‘दोन मे १८०८’ व ‘तीन मे १८०८’ ही चित्रांची जोडी तयार झाली. प्रत्येक चित्र सु. २६८ × ३४७ सेंमी. आकाराचे असून दोन्ही माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहेत.

या अर्जामागे केवळ देशप्रेम होते असे म्हणता येत नाही. नेपोलियनने गादीवर बसविलेल्या जोझेफ बोनापार्टच्या राजवटीशी गोयाने निष्ठेची शपथ घेतली होती आणि तिच्याकडून मानचिन्हही स्वीकारले होते. सातवा फेर्नांदो परत येताच अशा व्यक्तींची चौकशी सुरू झाली व गोयालाही तीस सामोरे जावे लागले. म्हणजे या चित्रांच्या निर्मितीत आत्मसंरक्षणाचाही भाग असणे शक्य आहे. तथापि चित्रात मात्र राजनिष्ठेचे कोणतेही चिन्ह नाही. त्यात ध्वज नाही, राजा नाही, विजयाची सूचना नाही. शौर्यप्रसंग रंगविण्याचे आश्वासन देणाऱ्या चित्रकाराने प्रत्यक्षात रंगविली ती भयाने गोठलेली माणसे.

चित्रात रात्रीचे काळे आकाश आहे. मागे शहरातील इमारतींची फिकट आकृतिरेषा आणि डावीकडे मातीची टेकडी दिसते. जमिनीवर ठेवलेला चौकोनी कंदील हा प्रकाशाचा एकमेव उगम आहे. त्याच्या उजवीकडे सैनिकांची रांग प्रेक्षकाकडे पाठ करून उभी आहे. त्यांचे लांब डगले, उंच टोप, पाठीवरची ओझी व संगिनी लावलेल्या बंदुका एकसारख्या तिरप्या रेषांत पुढे झुकतात. एकाचाही चेहरा दिसत नाही. डावीकडे पांढरा सदरा व पिवळी विजार घातलेला एक श्रमजीवी माणूस गुडघ्यांवर असून त्याने दोन्ही हात पसरून वर केले आहेत. त्याच्याजवळ एक मठवासी हात जोडून वाकलेला आहे, कोणी तोंड झाकून घेतले आहे, कोणी मुठी आवळल्या आहेत. पुढे रक्ताच्या थारोळ्यात प्रेते पडली आहेत आणि मध्यभागी, टेकडीच्या वाटेने, पुढची माणसे मरणाकडे चालत येत आहेत. मारले गेलेले, मारले जाणारे व मारले जाण्याची वाट पाहणारे असे तीन समूह एकाच दृश्यात आल्याने हा एक क्षण न राहता रात्रभर चालू असलेली क्रिया ठरते. पुरोभागी पालथ्या पडलेल्या प्रेताचे पसरलेले हात वरच्या माणसाच्या मुद्रेची पुनरावृत्ती करतात. काही क्षणांनी त्याची अवस्था काय होणार, हे त्या प्रेताने आधीच सांगितले आहे.

पांढऱ्या सदऱ्यातील माणसाच्या उजव्या तळहातावर व्रणासारखी खूण आहे व त्याची मुद्रा क्रुसावरील ख्रिस्ताची आठवण करून देते. ख्रिस्ती हुतात्म्यांच्या चित्रांत प्रकाश स्वर्गातून उतरे आणि मृत्यूला अर्थ देई. येथील कंदील मात्र सैनिकांनी नेम धरता यावा म्हणून ठेवला आहे. हुतात्म्याची मुद्रा जुनी आणि प्रकाश मारेकऱ्यांच्या सोयीचा, या विसंगतीत चित्राचे सामर्थ्य आहे. प्रेक्षकाला बळीचा चेहरा पूर्णपणे दिसतो, कारण तोही जवळजवळ सैनिकांच्याच बाजूला उभा आहे. रंगलेपन जाड व घाईचे भासते. रक्ताचा लाल रंग तर जणू फासलेला आहे.

‘दोन मे’ या सोबतच्या चित्रात जमाव नेपोलियनच्या सैन्यातील मामलूक स्वारांवर सुऱ्यांनी तुटून पडतो. तेथे स्पॅनिश नागरिकांच्या चेहऱ्यावरही हिंस्र आवेश आहे. गोयाने आपल्या देशबांधवांच्या हिंसेला आदर्शाचे वस्त्र चढविले नाही. हीच दृष्टी त्याच्या ‘युद्धाचे अनर्थ’ (सु. १८१०–२०) या अम्लरेखनांच्या मालिकेत अधिक तीव्रतेने प्रकटते. या मालिकेतील ८० चित्रांचा संच त्याच्या मृत्यूनंतर पस्तीस वर्षांनी, १८६३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील एका चित्राचे शीर्षक ‘मी हे पाहिले’ असे आहे, तर दुसऱ्याचे ‘हे पाहवत नाही’. दुसऱ्या चित्रात गुडघे टेकलेल्या माणसांवर रोखलेल्या संगिनींची टोके तेवढी उजव्या कडेतून आत आली आहेत. ती धरणारे चौकटीच्या बाहेर आहेत. पाहिल्याचा दावा आणि पाहणे अशक्य असल्याची कबुली या दोहोंमध्ये गोयाची साक्ष उभी आहे.

माने : तिसऱ्या नेपोलियनने फ्रेंच सैन्याच्या बळावर ऑस्ट्रियाचा राजपुत्र माक्सीमीलिआन यास १८६४ मध्ये मेक्सिकोच्या सिंहासनावर बसविले व नंतर सैन्य काढून घेऊन त्याला वाऱ्यावर सोडले. बेनीतो ह्वारेझच्या प्रजासत्ताक पक्षाने त्याला पकडले आणि १९ जून १८६७ रोजी केरेतारो येथे त्याला व मीरामोन आणि मेहीआ या त्याच्या दोन सेनापतींना गोळ्या घालण्यात आल्या. ही वार्ता जुलैच्या प्रारंभी पॅरिसला पोहोचली, तेव्हा तेथे जागतिक प्रदर्शनाचा बक्षीससमारंभ चालू होता.

मानेने जवळजवळ लगेच या विषयावर काम सुरू केले व दीड वर्षाहून अधिक काळ ते चालू ठेवले. तीन मोठी तैलचित्रे, एक लहान तैलरेखाटन व एक शिलामुद्रित अशा पाच कृती त्यातून निर्माण झाल्या. पहिले, अपुरे राहिलेले चित्र बॉस्टन येथे आहे. त्यात सैनिकांचा वेष मेक्सिकन असून रंगलेपन अस्पष्ट व भावनाप्रक्षोभक आहे; गोयाची छाया त्यावर सर्वांत दाट आहे. दुसऱ्या चित्राचे पुढे तुकडे झाले. त्यांपैकी मिळतील तेवढे एदगार दगा याने जमविले. ते १९१८ पासून लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहेत. अंतिम चित्र (सु. २५२ × ३०५ सेंमी.) जर्मनीतील मानहाइम येथे असून लहान रेखाटन कोपनहेगनला आहे. वृत्तपत्रांतील वर्णने व पॅरिसमध्ये आलेली छायाचित्रे यांवरून जसजसा अधिक तपशील मिळत गेला, तसतसा मानेने सैनिकांचा पोशाख बदलला. त्यांचा गणवेश फ्रेंच सैनिकांच्या गणवेशाशी मिळताजुळता होता, असे वृत्तांतांतून कळले होते. मानेने हा तपशील आग्रहाने स्वीकारला. फ्रान्सच माक्सीमीलिआनला गोळ्या घालत आहे असा त्याचा अर्थ होतो, हे एमील झोला याने १८६९ मध्ये उपरोधाने दाखवून दिले.

मानहाइमच्या चित्रात गोयाची मांडणी कायम आहे : डावीकडे बळी, उजवीकडे पाठमोरी तुकडी, मध्ये अगदी थोडे अंतर. बाकी सर्व बदलले आहे. रात्रीच्या जागी दिवस आहे आणि तो सपाट, निरुत्साही उजेडाचा आहे. मागे करडी भिंत आहे व तिच्यावरून काही माणसे एखादा खेळ पाहावा तशी डोकावत आहेत. बंदुकांतून धूर निघाला आहे, म्हणजे गोळ्या सुटल्या आहेत. पण तिघे अद्याप उभे आहेत. डावीकडील सेनापतीची मान मागे गेली आहे. मधला माक्सीमीलिआन हातात हात धरून, रुंद काठांच्या टोपीखाली, काहीसा निर्विकार उभा आहे. प्रत्यक्षात त्याने मधली जागा मीरामोनला दिली होती. मानेने वृत्तांतापेक्षा रचनेला प्राधान्य दिले. सैनिकांचे पांढरे पट्टे, काळे डगले व नेटकी पावले यांचे रंगलेपन सुबक व शांत आहे. सर्वांत उजवीकडे एक सैनिक रांगेपासून वेगळा होऊन आपली बंदूक सज्ज करण्यात गढला आहे. कोणी जिवंत राहिल्यास अखेरची गोळी त्याने घालावयाची आहे. या तुकडीत स्पष्टपणे दिसणारा चेहरा त्याचाच आहे आणि त्यावर क्रौर्य, खंत वा उत्सुकता यांपैकी काहीच नाही. तो मरणाऱ्यांकडे पाहतही नाही.

या थंडपणामुळे मानेवर भावशून्यतेचा आक्षेप दीर्घकाळ घेतला गेला. विषय कोणताही असो, माने त्याच्याकडे केवळ रंगाकारांचा प्रश्न म्हणून पाहतो आणि येथे वधाचे चित्रण एखाद्या स्थिरचित्रासारखे झाले आहे, असे काही समीक्षकांचे मत आहे. रंगलेपनाचे वर्णन म्हणून ते खरे आहे; त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही. केवळ रंगाकारांत रस असणारा चित्रकार एकाच राजकीय घटनेवर इतका काळ श्रमला नसता. शिवाय तत्कालीन सत्तेला या चित्राचा रोख अचूक कळला होता. १८६९ च्या प्रारंभी शिलामुद्रित छापण्यास मनाई होईल व तैलचित्र सलाँ या अधिकृत प्रदर्शनात स्वीकारले जाणार नाही, असे मानेला कळविण्यात आले. शिलामुद्रित त्याच्या मृत्यूनंतर, १८८४ मध्ये प्रसिद्ध झाले. मानहाइम-चित्रावर मानेने स्वाक्षरीसोबत चित्रपूर्तीची तारीख न घालता १९ जून १८६७ ही वधाची तारीख घातली. वृत्तपत्रातील बातमीप्रमाणे घटनेची नोंद करून भाष्य टाळावयाचे आणि निर्णय पाहणाऱ्यावर सोपवावयाचा, ही त्याची भूमिका होती. निर्विकारता हा चित्रकाराच्या वृत्तीचा दोष नसून चित्राचा विषयच आहे : दूरच्या राजधानीत घेतलेल्या निर्णयाची अंमलबजावणी हुकमाचे ताबेदार कशी करतात, हे ते दाखविते.

पिकासो : स्पॅनिश यादवी युद्धाच्या काळात, जानेवारी १९३७ मध्ये, प्रजासत्ताक सरकारने पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनातील आपल्या दालनासाठी पिकासोकडे भित्तिचित्राची मागणी केली. अनेक आठवडे त्याला विषय सापडला नव्हता. २६ एप्रिल १९३७ रोजी, सोमवारच्या बाजारदिवशी, जनरल फ्रँकोच्या बाजूने लढणाऱ्या जर्मन ‘कोंडोर’ हवाई दलाने व इटालियन विमानांनी बास्क प्रांतातील गेर्निका या गावावर बाँबवर्षाव केला. गावाचा बहुतेक भाग जळून गेला. मृतांची संख्या बास्क सरकारने १,६५४ दिली होती. पुढील संशोधकांचे अंदाज त्याहून पुष्कळ कमी आहेत. फ्रँकोच्या पक्षाने तर विमानहल्लाच नाकारला व माघार घेणाऱ्या प्रजासत्ताकवाद्यांनीच गाव पेटविले असा प्रचार केला. ब्रिटिश वार्ताहर जॉर्ज स्टीअर याच्या वृत्तामुळे खरी हकिकत जगापुढे आली. पॅरिसमध्ये राहणाऱ्या पिकासोला ही घटना वृत्तपत्रांतूनच कळली.

१ मे रोजी त्याने पहिली रेखाटने केली आणि जूनच्या प्रारंभी चित्र पूर्ण झाले. सु. ३४९ × ७७७ सेंमी. आकाराच्या या तैलचित्रासाठी त्याने चाळीसहून अधिक अभ्यासचित्रे काढली. चित्राच्या बदलत्या अवस्थांची छायाचित्रे दोरा मार हिने घेतल्यामुळे त्याचा घडणीचा इतिहास असाधारण तपशिलाने उपलब्ध आहे. प्रारंभीच्या अवस्थेत जमिनीवर पडलेल्या योद्ध्याचा हात ताठ उभा असून मूठ वळलेली होती. ही प्रजासत्ताकवाद्यांच्या अभिवादनाची खूण होती. पुढे पिकासोने ती काढून टाकली व हात जमिनीवर आडवा केला. मागणी एका पक्षाकडून आली असतानाही पक्षाचे चिन्ह चित्रातून वगळण्याचा हा निर्णय महत्त्वाचा आहे. गोयाने आपल्या चित्रातून ध्वज व राजा यांना वगळले होते, त्याची येथे आठवण होते.

चित्र काळा, पांढरा व करडा या रंगांपुरते मर्यादित आहे. डावीकडे बैल आणि त्याच्याखाली मृत मूल मांडीवर घेऊन आक्रोश करणारी आई आहे. मध्यभागी वेदनेने पिळवटलेला घोडा, त्याच्या पायांशी तुकडे झालेला योद्धा व त्याच्या हातातील मोडक्या तलवारीजवळ एक फूल आहे. उजवीकडे खिडकीतून दिवा पुढे धरणारी स्त्री, धडपडत धावणारी दुसरी स्त्री आणि जळत्या घरात दोन्ही हात वर केलेली तिसरी आकृती आहे. या शेवटच्या आकृतीत गोयाच्या पांढऱ्या सदऱ्यातील माणसाची मुद्रा पुन्हा अवतरते. घोड्याच्या अंगावरील बारीक तुटक रेघा छापील मजकुराच्या ओळींसारख्या दिसतात. घटना ज्या माध्यमातून कळली त्याची ती खूण असावी. घनवादातून आलेल्या तुटक आकारांमुळे घराचे आत व बाहेर यांतील सीमा नाहीशी झाली आहे. बाँबहल्ल्यात घर ही सुरक्षित जागा उरत नाही, हा अनुभव शैलीतूनच व्यक्त होतो.

या चित्रातून मारेकरी पूर्णतः अनुपस्थित आहे. विमान नाही, बाँब नाही, गणवेश नाही. वर डोळ्याच्या आकाराच्या झोतात विजेचा दिवा आहे, परंतु त्याला आक्रमकाचे प्रतीक ठरविणे अवघड आहे. बैल व घोडा यांच्या अर्थाविषयीही पिकासोने वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी उत्तरे दिली व निश्चित अर्थ बांधून देण्याचे टाळले. या संदिग्धतेवर प्रारंभापासून टीका झाली. ब्रिटिश कलेतिहासकार अँटोनी ब्लंट याने १९३७ मध्ये ही कृती सामान्य जनांना अगम्य असल्याचे मत मांडले. पुढे १९६९ मध्ये त्यानेच ‘गेर्निका’चे महत्त्व मान्य करणारा ग्रंथ लिहिला.

तौलनिक विवेचन : तिन्ही चित्रे क्रमाने पाहता मारणारा व मरणारा यांच्यामधील अंतर वाढत गेल्याचे आढळते. गोयाचे सैनिक बळींपासून काही पावलांवर आहेत. त्यांचे चेहरे दिसत नसले, तरी त्यांच्या खांद्यांचा ताण जाणवतो. मानेच्या चित्रात सैनिक त्याहूनही निकट आहेत, पण खरा कर्ता समुद्रापलीकडे आहे आणि गणवेशाच्या साम्यातूनच त्याच्याकडे बोट दाखविता येते. पिकासोच्या काळापर्यंत मारेकरी आकाशात गेला होता. ज्यांना त्याने मारले त्यांना त्याचे तोंड दिसले नाही व त्यालाही त्यांचे दिसले नाही. अशा हत्येत मारेकऱ्याचे व्यक्तिचित्र रंगविणे म्हणजे तिच्या स्वरूपाविषयी चुकीची माहिती देणे ठरले असते. चित्रभाषेतील बदल हा येथे केवळ शैलीचा इतिहास नाही. हत्येच्या तंत्रात व तिच्यामागील जबाबदारीच्या साखळीत जो बदल झाला, त्याला दिलेला तो प्रतिसाद आहे.

प्रकाशाच्या योजनेतही हाच क्रम दिसतो. गोयाचा कंदील नेम धरणाऱ्यांना उपयोगी पडतो आणि त्याच वेळी त्यांचे कृत्य उघडे पाडतो. मानेचा उजेड सर्वांवर सारखाच पडतो व कोणालाही वेगळे काढत नाही. पिकासोच्या चित्रात दोन दिवे आहेत : वरचा विजेचा, निर्जीव; दुसरा माणसाच्या हातातला, जुन्या पद्धतीचा. हातातल्या दिव्याने फारसे उजळत नाही, तरी तो पुढे धरलेला आहे.

प्रेक्षकाच्या स्थानाची योजना हा या चित्रांमधील सर्वांत मार्मिक भेद होय. गोया प्रेक्षकाला सैनिकांच्या मागे उभे करून बळीच्या नजरेसमोर आणतो, त्यामुळे करुणेबरोबर अपराधाची जाणीवही निर्माण होते. माने भिंतीवरून डोकावणाऱ्या बघ्यांच्या रूपाने प्रेक्षकाची प्रतिमाच चित्रात ठेवतो आणि नुसते पाहत राहणे म्हणजे काय, असा प्रश्न विचारतो. पिकासो प्रेक्षकाला सुरक्षित असे कोणतेच स्थान देत नाही. पावणेआठ मीटर लांबीचे चित्र एका दृष्टिक्षेपात सामावत नाही. ते पाहण्यासाठी त्याच्यासमोरून चालावे लागते आणि सर्व आकृतींची माने व तोंडे बहुधा डावीकडे वळलेली असल्याने पाहणारा पळणाऱ्यांच्या ओघात सापडतो.

या दृष्टीने पाहता, प्रारंभी निर्दिष्ट केलेल्या साक्षीच्या प्रश्नाचे उत्तर या चित्रांतूनच मिळते. घटना न पाहिलेल्या चित्रकाराची साक्ष तपशिलांच्या अचूकतेवर उभी राहू शकत नाही. मानेने उभे राहण्याचा क्रम बदलला, पिकासोने गावाचे एकही ओळखीचे चिन्ह रंगविले नाही. तरीही चित्रे खोटी ठरत नाहीत. आपण घटनेच्या संदर्भात कोठे उभे आहोत, हे चित्रकाराने प्रामाणिकपणे मान्य करणे हा त्यांच्या विश्वसनीयतेचा आधार आहे. आक्रमकांच्या राजवटीशी शपथेने बांधला गेलेला गोया प्रेक्षकाला मारेकऱ्यांच्या बाजूला उभा करतो. ज्या सत्तेने माक्सीमीलिआनला पाठविले तिचा नागरिक असलेला माने सैनिकांना फ्रेंच वाटेल असा गणवेश चढवितो. देशापासून दूर असलेला, वृत्तपत्रावर विसंबणारा पिकासो आपल्या चित्राला छापील कागदाचे काळे-पांढरे रूप देतो.

मर्यादा : या पद्धतीचे यश आपोआप साधत नाही, हे पिकासोच्याच ‘कोरियातील हत्याकांड’ (१९५१) या चित्रावरून दिसते. त्यात गोया व माने यांची मांडणी उघडपणे स्वीकारली आहे : डावीकडे विवस्त्र स्त्रिया व मुले, उजवीकडे यंत्रमानवासारखे चिलखती सैनिक. परंतु येथे दोष पूर्णपणे परक्या, अमानुष आकृतींवर टाकल्यामुळे प्रेक्षकाला कोणत्याही अस्वस्थ करणाऱ्या स्थानी उभे राहावे लागत नाही. करुणा व निषेध दोन्ही आहेत, पण ते आधीच ठरलेले आहेत. त्यामुळे चित्र घोषणेच्या पातळीवर राहते. याउलट तिन्ही प्रमुख चित्रांवर एक आक्षेप कायम राहतो : दुःखाला सुंदर रूप देऊन ती त्याला सुसह्य करतात का? गोयाच्या पांढऱ्या सदऱ्याचे तेज आणि मानेच्या काळ्या रंगाची तरलता पाहताना मिळणारा आनंद नाकारता येत नाही. त्या आनंदात अवघडलेपण मिसळलेले राहावे, अशीच या चित्रकारांची योजना दिसते. परंतु कीर्ती व छापील प्रतिकृती यांमुळे परिचय वाढला की ते अवघडलेपण कमी होते, हेही खरे.

चित्रांचा पुढील इतिहास : गोयाची दोन्ही चित्रे अनेक दशके दुर्लक्षित राहिली. यादवी युद्धात सुरक्षिततेसाठी हलविताना १९३८ मध्ये झालेल्या अपघातात त्यांना इजा पोहोचली. २००८ मध्ये त्यांचे नव्याने जतनकार्य पूर्ण झाले. मानेचे अंतिम चित्र त्याच्या हयातीत फ्रान्समध्ये प्रदर्शित होऊ शकले नाही. १८७९–८० मध्ये ते न्यूयॉर्क व बॉस्टन येथे दाखविण्यात आले. ‘गेर्निका’ १९३९ मध्ये अमेरिकेत गेले. स्पेनमध्ये नागरी स्वातंत्र्य पुनःस्थापित झाल्याखेरीज ते परत नेऊ नये अशी पिकासोची इच्छा होती, त्यामुळे ते न्यूयॉर्कच्या आधुनिक कला-संग्रहालयात राहिले. फ्रँकोच्या मृत्यूनंतर (१९७५) सहा वर्षांनी, सप्टेंबर १९८१ मध्ये, ते माद्रिदला आले आणि १९९२ पासून ते रेइना सोफीआ संग्रहालयात आहे. गेर्निकावरील हल्ल्यात जर्मन वैमानिकांचा हात असल्याचे जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष रोमान हेर्त्सोक यांनी १९९७ मध्ये, साठाव्या स्मृतिदिनानिमित्त, अधिकृतपणे मान्य केले. फेब्रुवारी २००३ मध्ये इराकवरील कारवाईविषयी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत चर्चा चालू असताना तेथील ‘गेर्निका’ची विणलेली प्रतिकृती निळ्या पडद्याने झाकण्यात आली होती. मानेच्या शिलामुद्रितावरील बंदीनंतर १३४ वर्षांनीही अशा चित्राची अडचण वाटत होती, हे त्यावरून दिसून आले. २००६ मध्ये रेइना सोफीआ संग्रहालयातील एका प्रदर्शनात ‘गेर्निका’सोबत गोयाचे ‘तीन मे’, मानेचे मानहाइम-चित्र व ‘कोरियातील हत्याकांड’ एकत्र मांडण्यात आले आणि या चित्रांची तुलना प्रतिकृतींवरून न करता मूळ कृतींसमोर उभे राहून करण्याची दुर्मिळ संधी प्रेक्षकांस लाभली.